नोंद आणि दुवा

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यास आम्ही कामगारच समजतो. तो प्रत्येक बदलाबरोबर एक छोटी नोंद लिहितो. तिला कमिट-संदेश म्हणतात. काय बदलले हे कोड पाहून कळते. का बदलले, हे सांगणे नोंदीचे काम.

पुष्कळ जण या कारणाच्या जागी इंटरनेटवरील एखाद्या पानाचा दुवा देऊन मोकळे होतात. करारपत्रे वाचण्यात आमची हयात गेली. करारात 'बोनस अमुक तारखेच्या पत्राप्रमाणे' एवढेच असावे आणि दहा वर्षांनी ते पत्र कोणाच्याच दप्तरी नसावे, म्हणजे कामगाराच्या हाती काय उरते, हे आम्हांस सांगावयास नको.

लिनक्सचे उदाहरण घ्या. त्या प्रकल्पासाठी लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट हे साधन निर्माण केले. त्यात प्रत्येक बदलास मिळणारा सांकेतिक क्रमांक नोंदीचा मजकूर आणि आधीच्या बदलाचा क्रमांक हिशेबात घेऊन निघतो. जुन्या नोंदीतले एक अक्षर बदलले, तरी तिथून पुढचे सारे क्रमांक बदलतात. म्हणून प्रसिद्ध झालेल्या नोंदीस कोणी हात लावीत नाही. दुवा मात्र परक्याच्या घरचा. लिनक्स आणि गिट यांच्या चर्चेची पत्रे जीमेन या संकेतस्थळावर वाचावयास मिळत. २०१६ साली ते बंद पडले, आणि शेकडो नोंदींतील दुवे निरुपयोगी होऊन तसेच राहिले.

याचा भार पडतो मागून येणाऱ्यावर. एखादी ओळ त्याला निष्कारण वाटते. नोंद पाहावी तर नुसता मेलेला दुवा. तो ती ओळ काढतो, जुना बिघाड परत येतो आणि दोष त्याच्या माथी बसतो.

लिनक्सचा नियम यावर चांगला आहे. बाहेरचे काही न उघडता समजेल असे कारण नोंदीतच लिहावे. दुवा द्यावा, पण त्यातील मुद्द्यांचा सारांशही द्यावा. चर्चेतल्या पत्राचा दुवा देताना त्यात पत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक असावा, म्हणजे एक संग्रह बुडाला तरी दुसऱ्यात ते शोधता येते. जुन्या बदलाचा हवाला देताना त्याच्या क्रमांकाची निदान पहिली १२ अक्षरे आणि त्याचे शीर्षक, दोन्ही लिहावीत.

दुवा टाकूच नये, असे आमचे म्हणणे नाही. पुरावा हवाच. परंतु कारणाची चार वाक्ये आधी लिहावीत, दुवा त्यांच्याखाली द्यावा. पाच मिनिटांचे हे काम पुढच्या माणसाची रात्र वाचविते.