घडी घातलेला झेंडा

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. धाकटा शाळेतून आला तो थेट स्वयंपाकघरात. शर्टाच्या खिशावर टाचणीनं लावलेला कागदाचा इवलासा झेंडा.

"आई, बाईंनी दहा रुपये मागितलेत. हा झेंडा कुठला गं? तिरंगा तर नाही."

मी भाकरी उलटत म्हटलं, "असेल कसला तरी. हातपाय धू आधी."

झेंडा म्हणजे आम्हा तेरकरांना काही नवल नाही. गोरोबाकाकांचं गाव हे. चैत्रात यात्रेला दिंड्या येतात, भगव्या पताकांनी तेरणाकाठ फुलून जातो. पण हा कागदी झेंडा मात्र मी कधी नीट बघितलाच नव्हता.

संध्याकाळी कपडे भिजवायला घेतले, तर तोच झेंडा शर्टासोबत बादलीत! काढून केरात टाकणार, तेवढ्यात मागच्या आळीतल्या वहिनी विरजण मागायला आल्या. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पदरानं टिपला.

"लाल म्हणजे भूदल, गडद निळा नौदल आणि फिकट निळा हवाई दल," त्या म्हणाल्या. "आमचे हे पोराला दरवर्षी सांगायचे."

वहिनींचे यजमान सैन्यात होते. ड्युटीवर असतानाच गेले. मुलाच्या शिक्षणासाठी त्या खेड्यावरून तेरला येऊन राहिल्या. हे मला ठाऊक होतं, पण त्यापुढं कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन. १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवशी छोटे झेंडे देऊन पैसे गोळा करतात. ते शहीद जवानांच्या कुटुंबांसाठी, जायबंदी सैनिकांसाठी, माजी सैनिकांसाठी वापरले जातात. मुलांचं शिक्षण, मुलीचं लग्न, पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्या विधवेला आधार, अशी मदत त्यातून होते. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. धाकट्याचे दहा रुपये असे कुठं कुठं पोचतात, हे त्याला सांगायला मलाच आधी कळायला हवं होतं!

चार दिवसांनी मी भांडं परत आणायच्या निमित्तानं त्यांच्याकडं गेले. वहिनींनी लोखंडी पेटी उघडली. पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला तिरंगा. यजमानांच्या शवपेटीवर घातलेला. ध्वजसंहितेप्रमाणं त्याचा केशरी पट्टा डोक्याकडं ठेवतात. चितेसोबत तो जाळायचा नसतो. म्हणून तो घडी घालून बायकोच्या हाती येतो.

"ह्यांना गावानं नेलं, हा माझ्याजवळ राहिला," वहिनी म्हणाल्या.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लावायचं ठरलं, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, आपल्याकडं आहे की. तोच लावू." वहिनींनी ऐकलं नाही. पोस्टात पंचवीस रुपयांना झेंडा मिळत होता, तो आणून दारावर लावला. पेटीतला पेटीतच. वर्षातून एकदा सावलीत उघडायचा, कडुनिंबाचा पाला बदलायचा, पुन्हा घडी.

अमेरिकेत १९१७ पासून, ज्या घरातलं माणूस लढाईवर असेल त्या घराच्या खिडकीत निळ्या ताऱ्याचा छोटा झेंडा लावायची पद्धत पडली. माणूस कामी आला, की निळ्याच्या जागी सोनेरी तारा. रस्त्यानं जाणाऱ्याला कळतं, इथं आपण काहीतरी देणं लागतो. आपल्याकडं हा झेंडा पेटीत असतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर दिसत नाही असंही नाही. मला दिसत होतं. पंधरा ऑगस्टला वीरपत्नी म्हणून वहिनींना शाल-श्रीफळ देतात, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्यात. पण दर संक्रांतीला हळदी-कुंकवाची यादी करताना त्यांच्या घरापाशी माझं पेन आपोआप पुढं सरकायचं. कुणी सांगितलं नव्हतं, मीही कधी ठरवलं नव्हतं. तसंच चालत आलेलं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पाठोपाठ सरकारनंही इतर गावांना तसं आवाहन केलं. पेपरात वाचून मी 'छान झालं' म्हटलं होतं. माझी यादी तशीच राहिली होती.

या संक्रांतीला मी स्वतः बोलवायला गेले. वहिनी दारातच थबकल्या. "तुमच्या सासूबाईंना चालेल का?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. आतल्या खोलीत बसून राहिल्या. दोघीतिघींनी एकमेकींकडं बघितलं. मी करंडा पुढं केला, तर वहिनी म्हणाल्या, "हळद लाव. कुंकवाचं माझं मी बघेन. वाण मात्र घेणार हं!" सगळ्या हसल्या. निघताना सासूबाई आतून आल्या आणि त्यांनी वहिनींच्या हातावर तिळगूळ ठेवला. बोलल्या नाहीत तरी माझ्यासाठी ते पुष्कळ होतं.

येत्या ७ डिसेंबरला पोरं कागदी झेंडा घेऊन येतील. दहा रुपये जरूर द्या, रंगांचा अर्थही सांगा. आणि आपल्या आळीत कुणाच्या पेटीत घडी घातलेला तिरंगा आहे, तेवढं आठवा. तिचं नाव तुमच्या यादीत आहे ना?