नदीचं नाव लावणारी मालमोटार



बाजाराच्या दिवशी गावात मालमोटार येते, माल भरते आणि धूळ उडवीत निघून जाते. तिच्या तोंडावर कुठल्या तरी कारखान्याचं नाव लिहिलेलं असतं. आपण ते वाचतो आणि विसरतो. पण अशा एखाद्या नावामागे एका देशाची कितीतरी वर्षांची शिकवणी दडलेली असते. जपानातल्या अशाच एका नावाची हकीगत आज सांगायची आहे. ते नाव म्हणजे इसुझू.

इसुझू हे मूळचं एका नदीचं नाव. जपानच्या मुख्य बेटावर मिए नावाचा प्रांत आहे. तिथे इसे हे त्या देशातलं फार मोठं तीर्थक्षेत्र. त्या देवस्थानाच्या आतल्या मंदिराजवळून ही नदी वाहते. यात्रेकरू आधी तिच्या पाण्यात हात धुतात आणि मग दर्शनाला जातात. जपानी लिपीत हे नाव ज्या अक्षरांनी लिहितात, त्यांचा शब्दशः अर्थ होतो ‘पन्नास घंटा’. आता तुम्ही विचाराल, देवाच्या दारातल्या नदीचं नाव मालमोटारीला कुणी आणि कशासाठी दिलं? त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

या कारखान्याचा जन्म झाला तो गोदीत. तोक्यो शहरात सुमिदा नदीच्या मुखाशी इशिकावाजिमा नावाची गोदी 1853 मध्ये सुरू झाली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात जहाजांना मागणी आली आणि गोदीला बरकत आली. पण कारभारी शहाणे होते. युद्ध संपलं की जहाजांची मागणी ओसरणार, तेव्हा कारागिरांच्या हातांना काम कुठलं द्यायचं, हा विचार त्यांनी आधीच केला. 1916 मध्ये मोटारी बनवण्याचा बेत ठरला.

बेत ठरला, पण विद्या कुठे होती? जहाज बांधता येतं म्हणून मोटार जमतेच असं नाही. म्हणून 1918 मध्ये त्यांनी इंग्लंडच्या वूल्झली कंपनीशी करार केला आणि तिच्या गाड्या जपानात बनवण्याचा हक्क मिळवला. पहिली मोटार तयार व्हायला 1922 साल उजाडलं. नकाशे हाती असतानाही चार वर्षं गेली! शिक्षक मित्रहो, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. कागदावरची रेघ आणि भट्टीतलं ओतकाम यांच्यात फार अंतर असतं, आणि ते हातांनी चालूनच तोडावं लागतं.

पण गाडी बनली तरी ती विकायची कुणाला? परदेशातून येणाऱ्या गाड्यांपुढे देशी गाडी किमतीत टिकेना. इथे सरकारचा हात मिळाला. 1918 मध्येच जपानात एक कायदा झाला होता. सैन्याच्या कसोटीला उतरेल अशी मालमोटार जो बनवील त्याला आणि जो बाळगील त्यालाही सरकार पैसे देई. लढाईच्या वेळी मात्र ती गाडी सैन्याच्या कामी लागायची. म्हणून कारखान्याने श्रीमंतांच्या मोटारीवरून नजर काढली आणि मालमोटारीवर लावली. 1924 मध्ये त्यांची मालमोटार सैन्याच्या कसोटीला उतरली.

याच सुमारास एक भयंकर गोष्ट घडली. 1 सप्टेंबर 1923 रोजी, ऐन दुपारच्या जेवणाच्या वेळी, तोक्यो आणि योकोहामा भागात मोठा भूकंप झाला. चुली पेटलेल्या होत्या, आगी लागल्या. एक लाखाहून अधिक माणसं गेली. रेल्वेचे आणि ट्रामचे रूळ उखडले. अशा वेळी अन्नधान्य आणि माणसं वाहून नेली ती मोटारींनी, कारण मोटारीला रूळ लागत नाहीत. ट्राम बंद पडलेल्या तोक्यो शहराने अमेरिकेतून फोर्डच्या सुमारे आठशे चासी मागवल्या आणि त्यांच्यावर साधे सांगाडे चढवून बस चालवल्या. मोटारीचं मोल लोकांना त्या दिवसांत कळलं.

पण त्याचा लाभ प्रथम परक्यांनाच झाला. 1925 मध्ये फोर्डने योकोहामात आणि 1927 मध्ये जनरल मोटर्सने ओसाकात कारखाने काढले. अमेरिकेतून सुटे भाग यायचे आणि इथे जोडून गाडी बाहेर पडायची. त्यांच्या गाड्या वर्षाला हजारांनी खपू लागल्या. देशी कारखानदारांच्या सगळ्यांच्या मिळून काही शेकडाच. गोदीवाल्यांनी वूल्झलीचा करार सोडून आपल्या गाडीला ‘सुमिदा’ हे नाव दिलं होतं. तेही नदीचंच नाव, गोदीजवळच्या नदीचं! पण नावाने खप वाढत नाही.

मग सरकारच्या व्यापार-उद्योग खात्याने आणि कारखान्यांनी मिळून ठराविक मापाच्या मालमोटारीचा आणि बसचा नमुना तयार केला. 1934 मध्ये त्या गाड्यांना इसे क्षेत्राच्या नदीचं नाव मिळालं. ही गाडी कुणा एका घराण्याची नव्हे, साऱ्या देशाची, असं त्या नावाने लोकांना सांगायचं होतं. दरम्यान 1933 मध्ये ही कंपनी डॅट नावाच्या कंपनीशी एकत्र झाली होती. डॅटची छोट्या गाडीची शाखा वेगळी निघाली. तिच्यापासून पुढे निस्सान वाढली. म्हणजे निस्सान आणि इसुझू ही एका अंगणातली नाती आहेत.

आता डिझेलकडे येऊ, कारण इसुझूचं खरं नाव झालं ते डिझेल इंजिनामुळे. पेट्रोलच्या इंजिनात वाफ पेटवायला ठिणगी लागते. डिझेलला ती लागत नाही. मग ते पेटतं कसं? सायकलच्या पंपाने जोरजोरात हवा भरा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पहा. ते गरम लागेल. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हवेला इतकं दाबतो की ती मूळच्या जागेच्या पंधराव्या-विसाव्या भागात येऊन बसते आणि पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत तेलाची बारीक फवार सोडली की ती आपोआप पेटते आणि दट्ट्याला खाली ढकलते. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचं मर्मही हेच. इंजिन जड होतं, पण तेवढ्याच तेलात काम अधिक देतं. ज्या जपानच्या भूमीत खनिज तेल नाममात्र निघतं, त्याला ही गोष्ट किती मोलाची वाटली असेल!

1936 मध्ये कारखान्याने हवेने थंड होणारं डिझेल इंजिन तयार केलं. त्यात सैन्याचा रस होता, कारण मांचुरियाच्या थंडीत रेडिएटरमधलं पाणी गोठून जाई. हे विसरता कामा नये की या विद्येला वाढवलं ते युद्धाच्या तयारीने. त्याच वर्षीच्या कायद्याने परदेशी कारखान्यांचे पाय बांधले आणि 1939 पर्यंत त्यांचं काम थांबलं. 1941 मध्ये कंपनीच्या नावातच ‘डिझेल’ शब्द आला. 1942 मध्ये रणगाडे आणि पट्ट्यांवर चालणारी लष्करी वाहनं करणारा तिचा हिनोचा कारखाना वेगळा काढला गेला. त्यातून हिनो कंपनी झाली. लढाई लांबली तशी इंधनाची एवढी टंचाई झाली, की गावोगावच्या बसगाड्यांना मागे शेगडी बसवून कोळशाच्या वायूवर चालवावं लागलं.

1945 मध्ये जपान हरला. शहरं जळालेली, रेल्वे मोडकळीला आलेली आणि लोक उपाशी. खेड्यातलं धान्य शहरात आणायचं कशाने? त्याच सप्टेंबरात अमेरिकन अंमलदारांनी मालमोटारी बनवायला परवानगी दिली, आणि कारखान्याची चाकं पुन्हा फिरली. 1949 मध्ये कंपनीने इसुझू मोटर्स हे नाव धारण केलं. पण ते वर्ष सुखाचं नव्हतं. सरकारने पैशाचा पुरवठा आवळला, गाड्या खपेनात, कामगार कमी केले गेले आणि संप झाले. तारलं कशाने? 1950 मध्ये शेजारच्या कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकन सैन्याकडून मालमोटारींच्या मागण्या आल्या. एकाच्या घराला आग लागली आणि दुसऱ्याची चूल पेटली, असाच तो प्रकार. इतिहास सांगताना ही बाजू झाकून ठेवू नये.

पुढे 1953 मध्ये इसुझूने इंग्लंडच्या रूट्स कंपनीशी करार करून हिलमन मोटार जोडायला घेतली. आरंभी बहुतेक भाग विलायतेहून येत. एकेक भाग देशात बनवीत 1957 पर्यंत सगळी गाडी जपानी झाली. 1959 मध्ये ‘एल्फ’ ही लहान मालमोटार निघाली. तिची ड्रायव्हरची केबिन इंजिनाच्या वर बसवलेली, त्यामुळे नाक चपटं आणि माल ठेवायला जागा मोठी. जपानातल्या अरुंद गल्ल्यांना ती सोयीची होती. पुढल्याच वर्षी तिला डिझेल इंजिनही मिळालं. भाजीवाला, वाणी, सुतार असल्या माणसांची ती गाडी झाली.

मोटारगाड्यांत मात्र इसुझूला तितकं यश आलं नाही. टोयोटा आणि निस्सान पुढे गेल्या. 1971 मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने तिचे 34.2 टक्के भाग घेतले. ज्या कंपनीच्या कारखान्यापुढे एकेकाळी देशी गाडी टिकत नव्हती, तीच आता भागीदार झाली! ही भागीदारी 2006 मध्ये सुटली. त्याआधी 2002 मध्ये इसुझूने जपानात प्रवासी मोटारींचा धंदा बंद केला आणि मालमोटारी, बसगाड्या व डिझेल इंजिनं यांवर सारं लक्ष दिलं. त्याच साली इसुझू आणि हिनो यांनी बस बांधण्यासाठी जे-बस ही समाईक कंपनी काढली. लढाईच्या काळात वेगळे झालेले भाऊ साठ वर्षांनी एका कामाला पुन्हा एकत्र आले. 2021 मध्ये इसुझूने यूडी ट्रक्स ही दुसरी जुनी मालमोटार कंपनी विकत घेतली.

आपल्याकडेही हे नाव पोचलं आहे. पंजाबातल्या ‘स्वराज माझदा’च्या लहान बसगाड्या आणि मालमोटारी अनेकांनी पाहिल्या असतील. त्या कंपनीचं नाव 2011 मध्ये ‘एसएमएल इसुझू’ झालं, आणि 2025 मध्ये तिचा मोठा हिस्सा मुंबईच्या महिंद्र कंपनीने घेतला. आंध्र प्रदेशात श्री सिटी इथे 2016 मध्ये इसुझूचा स्वतःचा कारखानाही सुरू झाला.

शेवटी पुन्हा त्या नदीकाठी जाऊ. इसेचं मंदिर लाकडी आहे. दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर ते नव्या लाकडाने जसंच्या तसं बांधतात. अलीकडे 2013 मध्ये बांधलं. लाकूड नवं असतं, पण म्हातारा सुतार तरुणाच्या शेजारी बसून काम करतो, म्हणून हुन्नर तोच राहतो. इसुझू कंपनीचंही थोडं असंच झालं. नाव कितीदा बदललं, भागीदार आले आणि गेले, धंद्याच्या शाखा निघाल्या आणि छाटल्या गेल्या. इंजिन बनवण्याची विद्या मात्र एका पिढीने दुसरीच्या हाती दिली.

शिक्षक मित्रहो, सायकलचा पंप शाळेत जरूर न्या. मुलांना त्याचं टोक चाचपू द्या, आणि नकाशात इसे कुठे आहे ते शोधायला सांगा. आणि शेतकरी बंधूंनो, गावातल्या ज्या पोराला इंजिन खोलून पाहण्याची हौस आहे, त्याला हात काळे केले म्हणून रागावू नका. गोदीतल्या माणसांनी मोटारीचं काम शिकायला आरंभ केला, तो हात असे काळे करूनच.