विश्लेषण : ‘कामिनी’ म्हणजे नेमकी कोण? जुन्या पार्श्वगायकांना नाव आणि हक्क मिळायला इतका उशीर का झाला?

‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ हे गाणे १९४९ मध्ये देशभर गाजले, तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. कामिनी हे मधुबाला यांनी साकारलेल्या पात्राचे नाव. प्रत्यक्षात ते गाणे गायले होते जेमतेम वीस वर्षांच्या लता मंगेशकर यांनी. हा आवाज कोणाचा, अशी विचारणा करणारी पत्रे रेडिओकडे येऊ लागली आणि अखेर ग्रामोफोन कंपनीकडून नाव मिळवून ते श्रोत्यांना सांगावे लागले. आज ही गाणी मोबाइलवर क्षणात ऐकता येतात. मात्र गायकाचे नाव, श्रेय आणि मोबदला यासाठीचा झगडा अनेक दशके चालला आणि त्या काळातील अनेकांना त्याचा लाभ मिळालाच नाही.

पार्श्वगायनाची सुरुवात कशी झाली?

पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यात सात गाणी होती. पार्श्वगायन ही कल्पनाच तेव्हा नव्हती. कलाकार कॅमेऱ्यासमोर अभिनय करताना स्वतः गात आणि वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसून साथ करत. फकिराच्या भूमिकेतील डब्ल्यू. एम. खान हे हिंदी चित्रपटातील पहिले गायक मानले जातात. या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

१९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’ काढला. नितीन बोस यांचे दिग्दर्शन आणि रायचंद बोराल यांचे संगीत असलेल्या या चित्रपटात गाणे आधी ध्वनिमुद्रित करून नंतर त्यावर चित्रीकरण करण्याची पद्धत वापरली गेली. त्यामुळे चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, हे शक्य झाले. तरीही कुंदनलाल सैगल, नूरजहाँ, सुरैया यांच्यासारखे गाणारे कलाकारच पुढे बरीच वर्षे पडदा गाजवत राहिले.

तबकडीवर गायकाचे नाव का नसे?

पडद्यावर दिसणारी व्यक्तीच गाते, अशी प्रेक्षकांना सवय झालेली होती. ती समजूत मोडण्यात निर्मात्याला फायदा दिसत नव्हता. तबकडी ही चित्रपटाची जाहिरात मानली जाई, त्यामुळे तिच्यावर चित्रपटाचे आणि पात्राचे नाव असले की काम भागे. गायक म्हणजे मानधन देऊन बोलावलेला कारागीर, असा व्यवहार होता. वाद्यवृंदातील मंडळींची अवस्था तर याहून वाईट होती. गोव्यातून मुंबईत आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट यांच्यासारख्या वादक आणि संगीत संयोजकांनी शेकडो गाण्यांचा बाज घडवला. त्यांची नावे मात्र सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोहोचली.

तेव्हा गाणे ध्वनिमुद्रित कसे होत असे?

चाळीसच्या दशकात आजच्यासारखे वेगवेगळे ट्रॅक नव्हते. गायक आणि वादक एकाच वेळी गात-वाजवत आणि सारे एकत्रच ध्वनिमुद्रित होई. एखादा व्हायोलिनवादक चुकला तरी सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. आवाजाचा समतोल साधायचा तो माइकपासूनच्या अंतरावर. ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीला आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास होतो. त्यासाठी आपण खोलीच्या एका टोकापासून गात गात माइककडे चालत आलो, असे लताबाईंनी मुलाखतींमध्ये सांगितले होते. या गाण्याचे संगीतकार खेमचंद प्रकाश यांचे पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये निधन झाले.

दुसरी मर्यादा तबकडीची होती. लाखेपासून बनवलेली दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर सुमारे साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. म्हणूनच अनेक गाण्यांची चित्रपटातील आवृत्ती लांब आणि तबकडीवरची छोटी आहे. काही गाणी तर तबकडीसाठी पुन्हा वेगळी गाऊन घेतली जात. जुने गाणे ऐकताना एखादे कडवे गायब वाटले, तर कारण बहुधा हेच असते.

मग गायकांची नावे घराघरांत कशी पोहोचली?

मुख्यतः रेडिओमुळे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणीमंत्री झाले. पुण्याच्या केसकरांना शास्त्रीय संगीताची आवड होती आणि चित्रपटगीतांबद्दल त्यांचे मत चांगले नव्हते. आकाशवाणीने चित्रपटगीतांचा वेळ कमी केला. चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते, म्हणून निवेदनात फक्त गायकाचे नाव घ्यायचे, असेही ठरले. निर्मात्यांनी यावर नाराज होऊन गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. श्रोते मग रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षअखेरीस तेथे अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू केल्यावर चित्रपटगीते सरकारी रेडिओवर पुन्हा सन्मानाने ऐकू येऊ लागली. या साऱ्यात गाण्याआधी गायक, गीतकार आणि संगीतकाराचे नाव ऐकण्याची सवय श्रोत्यांना लागली.

पुरस्कार आणि रॉयल्टीवरून वाद काय झाला?

फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले, पण त्यात पार्श्वगायनाचा विभाग नव्हता. ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या समारंभात गाण्यास लताबाईंनी नकार दिला. गायकाला पुरस्कार नसेल तर संगीतकाराने वाद्यांवरच धून वाजवावी, असा त्यांचा मुद्दा होता. १९५९ मध्ये हा विभाग सुरू झाला आणि ‘मधुमती’तील ‘आजा रे परदेसी’साठी पहिला पुरस्कार त्यांनाच मिळाला. गायक आणि गायिका असे दोन वेगळे पुरस्कार मात्र १९६८ पासून सुरू झाले.

साठच्या दशकात रॉयल्टीचा प्रश्न पेटला. तबकडी विकली जात आहे तोवर गायकालाही वाटा मिळावा, अशी लताबाईंची भूमिका होती. मोहम्मद रफी यांच्या मते मानधन स्वीकारले की गायकाचा हक्क संपतो. या मतभेदामुळे दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद केले. हा वाद अनेकदा केवळ रुसव्याफुगव्याचा किस्सा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात कामाचा मोबदला एकदाच घ्यायचा की त्या कामातून कमाई होईल तोवर, हा त्यामागचा प्रश्न होता. कायद्याचा आधार नसल्याने ज्याचे वजन जास्त त्यालाच करारात काही मिळे.

कायदा गायकाच्या बाजूने कधी आला?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला स्वतंत्र हक्क नव्हता. चित्रपटगीतांच्या मालकीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यावेळी न्या. कृष्ण अय्यर यांनी वेगळी टिप्पणी जोडून, ज्याच्या गळ्यातून गाणे जिवंत होते त्या गायकालाच आपला कायदा ओळखत नाही, याकडे लक्ष वेधले होते. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरातून कलावंताला रॉयल्टी मिळण्याची तरतूद केली. त्यानंतर गायकांनी ‘इस्रा’ ही आपली संस्था स्थापन केली.

जुन्या गायकांना त्याचा किती उपयोग झाला?

फारसा नाही. सादरीकरणाच्या हक्काची मुदत ५० वर्षांची आहे आणि सुवर्णकाळातील बहुतेक गाणी गायली गेली तेव्हा तो हक्कच अस्तित्वात नव्हता. मुबारक बेगम यांचे उदाहरण बोलके आहे. ‘हमारी याद आयेगी’ (१९६१) या चित्रपटासाठी मराठी संगीतकार स्नेहल भाटकर यांनी त्यांच्याकडून गाऊन घेतलेले ‘कभी तनहाइयों में यूँ’ आजही लोकप्रिय आहे. त्यांची अखेरची वर्षे मात्र जोगेश्वरीतील छोट्या घरात आर्थिक ओढाताणीत गेली. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. गाणे साठ वर्षे वाजत राहते, पण गाणाऱ्याच्या हाती काही येत नाही, हा त्या व्यवस्थेचा परिणाम होता.

ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. १९४९ च्या तबकड्यांची मुदत २००९ अखेर संपली. शब्द आणि चाल यांचे हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. त्यामुळे जुने गाणे ‘सगळ्यांसाठी खुले’ आहे, असे सरसकट म्हणता येत नाही.

श्रेयाचा प्रश्न आज संपला आहे का?

नाही. १९७४ मध्ये गिनेस बुकने लताबाईंच्या नावावर किमान २५ हजार गाणी नोंदवली. त्यावर रफी यांनी आक्षेप घेतला आणि पुढे ती नोंद वगळली गेली. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी तबकड्या, पुस्तिका तपासून दशकानुसार ‘हिंदी फिल्म गीत कोश’ तयार केला, तेव्हा खरी मोजणी शक्य झाली. तिच्यानुसार लताबाईंची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास भरतात.

आज ॲपवर आणि व्हिडीओंखाली अनेकदा केवळ नायक-नायिकेचे नाव असते. गीता दत्त यांचे गाणे भलत्याच गायिकेच्या नावावर किंवा तलत महमूद यांचे गाणे फक्त ‘दिलीपकुमार यांचे गाणे’ म्हणून फिरते. म्हणजे गाडी पुन्हा ‘कामिनी’पाशी येते. फरक इतकाच, की १९४९ च्या श्रोत्यांना नाव विचारायला पत्र लिहावे लागले होते. आजच्या श्रोत्याला ते काही मिनिटांत पडताळून पाहता येते आणि गाणे पुढे पाठवताना गायकाचे योग्य नाव जोडण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.