जुन्या संगणकाला नवी प्रणाली
विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. छत्रपती संभाजीनगरातल्या ज्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही, त्यांना लिनक्सचा पर्याय आहे. सी-डॅकची डेबियनवर बेतलेली ‘बॉस’ ही देशी प्रणाली त्यातलीच.

अशा प्रणालीची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. ती रूफससारख्या प्रोग्रॅमने चढवावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचे सारे पुसले जाते. आठ जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा पुरतो. संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कळ कंपनीनुसार बदलते) दाबून बूट मेन्यूत पेनड्राइव्ह निवडावा. आधी लाइव्ह रूपात, म्हणजे प्रणाली डिस्कवर न बसवता, वाय-फाय, प्रिंटर, मराठी टायपिंग तपासावे. मग प्रणाली बसवण्यासाठी डिस्क निवडताना मात्र घाई नको. बहुतेकांचे फोटो आणि हिशेब इथेच जातात. म्हणून त्यांची प्रत आधीच दुसरीकडे ठेवावी.