अम्मींची खुर्ची

रमजान लागायच्या आठवडाभर आधी आमच्या आष्टीतल्या मुस्लिम घरांत जी धावपळ असते, ती दिवाळीच्या आधी शेजारच्या घरांत असते तशीच. डबे घासून निघतात, गाद्यांच्या खोळी बदलतात, पडदे धुवायला पडतात आणि ‘यंदा घरात नवीन काय घ्यायचं’ हा विषय निघतो. आमच्याकडे यंदा उत्तर ठरलेलंच होतं. अम्मींना बसायला काहीतरी घ्यायचं.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. वय पंच्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांनी एकदमच संप पुकारला. नमाज त्या खुर्चीवर बसून पढतात, त्यात अडचण नाही. अडचण आहे ती इफ्तारच्या वेळची. रोजा सोडताना आमच्याकडे अख्खं घर जमिनीवर अंथरलेल्या दस्तरख्वानभोवती बसतं. दस्तरख्वान म्हणजे जेवणासाठी अंथरायची लांब चादर. मधे फळं, भजी, शरबत. मगरिबची अजान झाली की सगळ्यांचे हात एकदमच खजुराकडे जातात. मागच्या वर्षी अम्मींना तिथेच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, तर त्या उठल्या. म्हणाल्या, “अन्न पायाशी आणि मी वर? मला नाही जमायचं.” मग भिंतीशी खुर्ची, पुढ्यात स्टूल, त्यावर ताटली. तीस दिवस त्यांनी आमच्या पाठी बघत रोजा सोडला.

माझ्या हिंदू मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. लग्नातल्या पंगती गेल्या, पण घरच्या महालक्ष्म्यांच्या जेवणाला आजही पाट मांडतात, आणि घरातली आजी सोफ्यावर ताट घेऊन एकटी बसते. गुडघे सगळ्यांचे सारखेच.

माझी मुलगी नागपूरला आर्किटेक्चरला आहे. तिने फोन केला की इथे घरसजावट आणि फर्निचरचं मोठं प्रदर्शन लागलंय, देशभरचे डिझायनर आलेत, या. तळेगाव, कारंजा, कोंढाळी करत आम्ही तिघं नागपुरात पोचलो. अम्मींनाही नेलं होतं, कारण बसायचं त्यांना होतं.

प्रदर्शन सुंदर होतं, हे आधी कबूल करते. चिनी मातीच्या ताटल्यांवरची झिलई बघत मी किती वेळ उभी होते कोण जाणे. भिंतीला लावायचं, हवं तेव्हा खाली पाडायचं टेबल होतं. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्यांसाठी खरंच कामाचं. बांबूच्या कामट्यांचे दिवे होते. तोटी लावलेलं मातीचं पाण्याचं भांडं होतं, ते मी घेतलं. (तोटी ठिबकते. खाली वाटी ठेवली आहे.)

पण फिरता फिरता मला चुकचुकायला लागलं. या वस्तू मी कुठेतरी पाहिल्या आहेत. आमच्या आजीच्या बैठकीतला तख्त इथे ‘डे-बेड’ झाला होता. जाळीच्या दारांचं, दूध-सालन ठेवायचं कपाट, ज्याला आम्ही नेमतखाना म्हणायचो, ते कपबशा मांडून उभं होतं. जेवायचा पाट पितळी कड्या लावून पाहुण्यांपुढे बिस्किटं फिरवायला निघाला होता. रेहल तर मी लांबूनच ओळखली. कुराण ठेवायची ही घोडी एकाच फळीतून कापतात. खिळा नाही, बिजागरी नाही, लाकडाची बोटं लाकडातच अडकवलेली, आणि मिटली की पुन्हा फळी. इथे तिच्यावर टॅबलेट उभा होता.

वेताच्या विणीच्या, सागवानी, उलट्या व्हीसारख्या पायांच्या खुर्च्याही होत्या. मुलीने सांगितलं, मूळ चंदीगडच्या. १९५०च्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी प्येर जानरे या स्विस वास्तुविशारदाच्या हाताखाली हे फर्निचर घडलं. नंतर कचेऱ्यांनी ते भंगारात काढलं, आणि परदेशातल्या लिलावांत त्याच खुर्च्यांना लाखांच्या बोली लागल्या. इथल्या होत्या त्या नकला. मला आमच्या कॉलेजची जुनी वेताची बाकं आठवली. तीही भंगारातच गेली होती, फक्त लिलाव झाला नव्हता.

अम्मींसाठी काय आहे, असं एका स्टॉलवरच्या मुलाला विचारलं. तो अदबीने वागला. त्याने आधी जमिनीवर बसायच्या, पाठ टेकायची सोय असलेल्या गाद्या दाखवल्या. त्यावर बसलेली अम्मी उठणार कशी, हे त्याला विचारवेना. मग त्याने मोटारवाली खुर्ची दाखवली. बटण दाबलं की ती माणसाला हळूहळू उभं करते. अम्मींनी विचारलं, “बेटा, लाइट गेली तर?” तो हसला. आम्हीही हसलो. किंमत बघितल्यावर हसू थांबलं.

परतताना गाडीत मुलगी लोट्याबद्दल बोलायला लागली. तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलं, देशभर फिरलं आणि १९५८ साली त्यांनी अहवाल दिला. त्या अहवालातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, १९६१ साली. इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांना सर्वांत भावला तो आपला साधा लोटा. हा लोटा नव्याने घडवायचा तर काय काय विचारावं लागेल, याची त्यांनी यादीच केली: किती पाणी मावावं, भरलेला कमरेवर कसा बसेल, हातात कसा येईल, पाणी ओतताना तोल कसा राहील, आतून घासता येईल का, उन्हात कसा चमकेल, किंमत काय पडेल. तोटीचा लोटा, म्हणजे आमचा बधना, वजूसाठी दिवसातून पाच वेळा मी हातात घेते. त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

“मग दादीबद्दल कुणी असं विचारलं का आज?” मुलगी म्हणाली.

पुढच्या रविवारी मला कामासाठी वर्ध्याला जायचं होतं. तिला म्हटलं, चल, तुला आपल्या जिल्ह्यातलं प्रदर्शन दाखवते. मगनवाडीतलं मगन संग्रहालय. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत रांगेत उभं राहून, बाहेरच्या आइसफ्रूटकडे लक्ष ठेवून पाहिलेलं असतं. मीही त्यातलीच.

१९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीच्या जागेत त्याचं काम सुरू झालं, आणि जे. सी. कुमारप्पा नावाचा परदेशात शिकलेला अर्थतज्ज्ञ तिथे तेलघाणी, कागद, मधमाश्या आणि चुलींचा हिशोब करत बसला. संग्रहालय गांधीजींच्या हस्ते उघडलं ते ३० डिसेंबर १९३८ रोजी. त्याच्याही दोन वर्षं आधी खानदेशात फैजपूरला खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं. नगर उभारलं नंदलाल बोसांच्या देखरेखीत, मुख्यतः बांबूतून, आसपास मिळेल त्या सामानात. तिथेही खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं. डिसेंबर १९३६ ची गोष्ट. आजच्या भाषेत त्यालाही ‘डिझाइन फेअर’ म्हणायला हरकत नाही. मात्र तिथे वस्तू मांडताना दोन प्रश्न आधी सुटलेले असत: ही कुणाच्या घरात वापरली जाणार, आणि ती गावातला कोण घडवणार.

मगनदीप हे त्याचं उदाहरण. दिसायला कंदीलच. पण कंदिलाला रॉकेल लागतं आणि ते बाहेरून येतं. गावात घाणीचं तेल आहे, पण ते घट्ट. वातीतून नीट चढत नाही. म्हणून घाणीच्या तेलावर जळेल असा दिवा मगनवाडीत बेतला. धूर बाहेर काढणारी मगन चूलही तिथलीच. सगळंच टिकलं नाही. रॉकेल सोयीचं होतं, नंतर वीज आली, मगनदीप काचेमागे गेला. उगाच गहिवरून सांगायचं तर आजही घरोघर मगनदीप हवा असं लिहिता येईल, पण मी स्वतः एलईडीच्या उजेडात पेपर तपासते. मुलीने मात्र वहीत त्याचं चित्र काढून घेतलं.

संध्याकाळी सेवाग्रामला गेलो. बापू कुटीत गादी, ठेंगणं मेज, मातीच्या भिंतीवर मीराबेनने उठवलेली झाडं. मुलगी बराच वेळ त्या मेजाकडे बघत होती. म्हणाली, “अम्मी, आपण खुर्ची शोधतोय. चुकतंय. दस्तरख्वान वर घ्यायला पाहिजे.”

घरी येऊन तिने तिच्या दादीला अंगणात बसवलं. खाली माझी बी.ए.ची जाडजूड पुस्तकं, त्यावर फळी. चार पुस्तकं काढली, दोन घातली. दोन्ही बाजूंना विटा रचून हात टेकायची सोय केली. बारा इंचांवरून अम्मींना उठवेना. चौदावर, हाताला आधार असेल तर, त्या आपल्या आपण उठल्या. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा आम्हाला दाखवायला.

मग आमच्या वाढईदादांकडे गेलो. त्यांच्या वडिलांनी या भागातल्या बैलगाड्या, तिफणी, डवरे घडवले. ट्रॅक्टर आले तसं ते काम आटलं. दादा आता प्लायवूडच्या कपाटांना सनमायका चिकटवतात. मुलीने काढलेलं चित्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. “सागवान कायले? बाभूळ घ्या. गाडीच्या चाकाले चालते, तं बुडीले चालनार नाही का?” मी म्हटलं, जड होईल, उचलायची मलाच आहे. मग पाय बाभळीचे, वरची फळी आणि हात सागवानी असं ठरलं. बसायला वेत हवा होता, पण विणणारं कुणी जवळपास सापडलं नाही, म्हणून निवार. दस्तरख्वानासाठी अकरा इंच उंचीचे तीन लांबट चौरंग, जमिनीवर बसणाऱ्यालाही हात पोचेल असे. अम्मींच्या ताटलीखाली घरातला जुना पाट. तेवढ्याने ताटली त्यांच्या बेताची होते.

‘रमजानच्या आधी देतो’ म्हणाले होते. चौथ्या रोजाला दिली. एक पाय आखूड निघाला, परत नेली, सहाव्या रोजाला आली. किंमत मोटारवाल्या खुर्चीच्या एका चाकाइतकीही नाही. पण दादांना दोन दिवस घासण्यातच गेले होते, म्हणून मी घासाघीस केली नाही.

सहाव्या रोजाला अजान झाली तेव्हा अम्मी माझ्या आणि धाकट्याच्या मधे होत्या. आमच्यापेक्षा जराशा उंच, पण अन्न पायाशी नाही. खजूर त्यांनी स्वतः उचलला आणि आधी धाकट्याच्या हातात दिला. बोलल्या काहीच नाहीत. जेवण झाल्यावर एवढंच विचारलं, की ईदनंतर ही खुर्ची उचलून माळ्यावर तर नाही ना टाकणार.

शेजारच्या आजी शीरखुर्म्याच्या शेवयांची चौकशी करायला आल्या होत्या, त्या या खुर्चीवर बसून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा टेप घेऊन आला. त्यांना पंधरा इंच लागेल, त्या अम्मींपेक्षा उंच आहेत.

दादा पैसे न्यायला आले तेव्हा कॉलेजच्या सवयीने मी बिल मागितलं. त्यांनी पेन कानावरून काढलं आणि अडले. ही ना खुर्ची, ना पाट, ना मोढा. “काय लिहू मॅडम?” मी म्हटलं, तुम्हीच घडवली, तुम्हीच ठरवा. थोडा विचार करून त्यांनी लिहिलं: बुडीची बैठक, १ नग.

अम्मींना मराठी वाचता येत नाही. काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो.