रबिंगवाल्याची बादली

घनसावंगी तालुक्यात लिहायच्या कामानं कुणी आलं, तर ते बहुधा जांब समर्थला जातं, नाहीतर मोसंबीच्या बागांत. मलाही संपादकांनी मोसंबीसाठीच धाडलं होतं. वाटेत घनसावंगीतल्या एका वॉशिंग सेंटरवर गाडी धुवायला थांबलो आणि तिथली एक बादली बघत बसलो. मोसंबीचा लेख राहिला तो राहिलाच.

रंगाची वीस लिटरची रिकामी बादली. झाकणाला मधोमध वाटोळं भोक. त्यातून पॉलिशचं मशीन आत घालायचं, त्याचा फोमचा पॅड आतल्या जाळीवर टेकवायचा, मशीन अगदी कमी स्पीडवर चालू करायचं आणि वरखाली दाबत राहायचं. उडालेलं पाणी झाकणाला आतून आपटतं आणि परत खाली पडतं. थोड्याच वेळात काळवंडलेला पॅड पुन्हा नारिंगी दिसायला लागतो. मग तो जाळीपासून उचलून, झाकणाच्या आतच, जोरात फिरवायचा. पाणी झटकलं जातं.

पॅड धुण्याची एवढी उठाठेव कशाला, तर गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस बहुधा याहून जाड भरतो. रबिंगच्या कंपाउंडमधले ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे कण हाच थर किंचित घासून चमक आणतात. घासून निघालेला रंग आणि वापरलेलं कंपाउंड फोमच्या छिद्रांत बसतं, वाळतं, कडक होतं. असा पॅड पुढच्या गाडीवर चालवला की रंगावर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं उमटतं. शेडमध्ये ते कळत नाही. गिऱ्हाईक गाडी उन्हात काढतं तेव्हा दिसतं, आणि मराठवाड्यात ऊन लपून राहत नाही.

पॅड धुण्याचे वॉशर परदेशात तयार मिळतात. या सेंटरवरच्या रबिंग कारागिरानं त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर बघितले, किंमत बघितली आणि भंगारात हात घातला. मला खिळवून ठेवलं ते जाळीखाली. तिथं त्यानं हात धुवायच्या लिक्विड सोपच्या बाटल्यांचे चार पंप उभे बसवलेत. त्यांच्या चोची कापून तोंडं वर केलीत आणि जाळी त्यांच्या डोक्यावर टेकवलीय. पॅड दाबला की जाळी खाली जाते, पंप दाबले जातात आणि चार पिचकाऱ्या थेट फोमवर बसतात. दाब काढला की पंपातली स्प्रिंग जाळी वर उचलते, तळाची इवलीशी गोळी जागची हलते आणि पंप पुन्हा भरतो. जेवढं दाबाल तेवढंच पाणी. पॅड सरळ बादलीत बुडवला तर तो पोटभर पाणी पितो, जड होतो आणि मशीन चालू करताच समोरच्याला आंघोळ घालतो. म्हणून ही सारी खटपट.

खरी अक्कल मात्र पंपाखालच्या नळ्यांत आहे. आधी नळ्या तळापर्यंत होत्या. कंपाउंडचा गाळ तळाशीच बसतो. तो नळीतून चढायचा, गोळीखाली अडकायचा आणि पंप बसायचा. शिवाय धुऊन निघालेली घाण पुन्हा पॅडवर यायची ती वेगळीच. त्यानं नळ्या अर्ध्यावर कापल्या आणि त्यांच्याही खाली एक जाळी पक्की बसवली. त्या जाळीखाली पाणी घुसळलं जात नाही, गाळ निवांत बसतो आणि वरचं निवळ पाणी पुन्हा वर जातं. कागदावर एक रेघ न ओढता हे त्याला सुचलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

तो हे करतो ते पाणी वाचवण्यासाठी. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे, जायकवाडीचा डावा कालवाही इकडून जातो, तरी 2012-13 चा दुष्काळ जालना जिल्हा विसरलेला नाही. नळाखाली एकेक पॅड धुवायला लागतं तेवढ्या पाण्यात त्याचं दिवसभराचं काम निघतं.

आता अडचणी. पाणी बोअरचं. बेसॉल्टच्या खडकातून येणारं हे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमनं जड होतं. पॅड वाळला की क्षारांचा पांढरा थर धरतो आणि पंपाच्या गोळ्याही जाम होतात. पावसाचं साठवलेलं पाणी बरं, पण ते किती दिवस पुरणार?

पॅडच्या पाठीला वेल्क्रो असतो. वारंवारच्या उष्णतेनं आणि ओलीनं त्याचा गोंद सुटतो. फोम अजून चांगला असतो आणि पाठ निघून येते. त्याला या बादलीत औषध नाही. नीट न वाळलेला पॅड वापरला तर कंपाउंड पातळ होतं आणि हात दुप्पट चालवावा लागतो.

गाळ टाकायचा कुठं, हा प्रश्न तर सगळेच टाळतात. पाणी वाचवलं म्हणजे घाण नाहीशी होत नाही, ती घट्ट होऊन एका जागी जमते. हा कारागीर ती बादली संध्याकाळी नालीत ओततो. शेजारचे न धुतलेले पॅडच उकिरड्यावर फेकतात. पाणी रात्रभर ठेवून वरचं निवळ काढून घेतलं आणि खालचा गाळ वाळवून वेगळा ठेवला, तर निदान तो नालीत तरी जाणार नाही.

सगळ्यात मोठी काळजी विजेची. विजेवरचं मशीन पाण्याच्या बादलीत घालून हात ओले ठेवून काम करायचं, आणि शेडमधलं वायरिंग जोडाजोडीचं. मशीन चालू असताना भोकातून उडालेले थेंब मी त्याच्या मनगटावर बघितले. बोर्डात 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी बसवली, तर विजेची गळती होताच ती क्षणात पुरवठा तोडते. अर्थिंगही धड हवं. यंत्राची नक्कल कुणीही खुशाल करावी, भंगारातून करावी, पण आरसीसीबी बसवल्याशिवाय त्याचं बटण दाबू नये.

आणि तुम्ही गाडी रबिंगला देणार असाल, तर भाव ठरवण्याआधी पॅड दाखवायला सांगा.