राज्य गेल्यानंतरचे पुढारपण

तंजावरच्या दक्षिणेस, पट्टुकोट्टईच्या रस्त्यावर ओरत्तनाडु नावाचे गाव आहे. तेथे दुसऱ्या सरफोजीराजांनी आपली प्रिय सहचरी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेले छत्र, म्हणजे वाटसरूंसाठीची धर्मशाळा, आहे. आणि दक्षिणेतील मराठी समाजाच्या पुढारपणाचे मर्म ज्यास जाणून घ्यावयाचे असेल, त्याने राजवाड्याआधी या छत्राचा विचार करावा असे मला वाटते.

१७९९च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, आणि किल्ला व त्याचा परिसर एवढ्यावरच राजांचा अंमल उरला. अशा अवस्थेत सरफोजींनी १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास पत्र लिहून आग्रह धरला तो छत्रांची वहिवाट आपल्याकडे राहावी याचा. रामेश्वराच्या यात्रामार्गावरील या छत्रांतून सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध, गर्भवती स्त्रियांना आश्रय आणि पोरक्या मुलांना विद्या मिळत असे. ओरत्तनाडूस तर संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू, फारसी व इंग्रजी शिकविण्याची व्यवस्था होती. राज्याधिकार गमावलेल्या पुरुषाने प्रजापालनाचा अधिकार तेवढा मागून घ्यावा, यात मला त्याचे खरे राजेपण दिसते.

१८५५मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले, संस्थान खालसा झाले, आणि खाजगी मालमत्तेचीही जप्ती झाली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दावा लावला, मद्रासच्या न्यायालयात तो जिंकलाही. परंतु १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने ही जप्ती राजसत्तेची कृती असल्याने न्यायालयांना तेथे अधिकार नाही असा निवाडा दिला. मालमत्ता पुढे राण्यांना परत मिळाली, गादी मात्र कायमची गेली.

गादी गेल्यावर समाजाचा पुढारी कोण, हा प्रश्न इतरत्रही पडतो. अमेरिकेत चेरोकी या मूलनिवासी जमातीची तीनच मंडळे केंद्र सरकारने मान्य केलेली आहेत. अन्य काहींना केवळ त्या त्या राज्याची मान्यता आहे, आणि पुढारी कोणास मानावे हा तेथे वादाचा विषय होतो. आपल्याकडे तमिळनाडू सरकारने ब्राह्मणेतर मराठ्यांस, नामदेव मराठ्यांसह, मागास वर्गांच्या यादीत स्थान दिले आहे. ही मान्यता शिक्षणास व नोकरीस उपयोगी पडते, परंतु तिने पुढारी निर्माण होत नाही; पुढारपण सांभाळलेल्या जबाबदारीतून येते. तंजावरच्या भोसले घराण्याकडे आज राजवाडा देवस्थानाचे वंशपरंपरागत विश्वस्तपद आहे, आणि बृहदीश्वरासह अठ्ठ्याऐंशी देवळे त्या देवस्थानात मोडतात.

बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तीर्ण मराठी शिलालेख पाहण्यास जाणाऱ्या महाराष्ट्रीय यात्रेकरूंनी ओरत्तनाडूचे छत्रही अवश्य पाहावे.